आठवं बिऱ्हाड

नवरा गेल्यावर बाईच्या वाट्याला काय काय येईल याचा नेम नाही. कुणाच्या वाट्याला घर येतं, कुणाच्या सासू. तिच्या वाट्याला चपलांच्या कपाटात मावेल एवढी एक काळी पेटी आली, आणि त्या पेटीत राहणारी आठ बिऱ्हाडं.

नवरा कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा, पण जीव सगळा त्या पेटीत. बाहेरून दिसायला एकच कॉम्प्युटर. आत मात्र त्यानं आठ कॉम्प्युटर वसवले होते, ज्याचं त्याचं दार वेगळं आणि काम वेगळं. एकात बुद्धिबळ क्लबचे निकाल, एकात दातांच्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंट, एकात गायनमंडळाची गाणी, एकात धाकट्या भावाचे फोटो. आणि हे सगळं फुकट. "नसती उठाठेव," असं ती म्हणायची, आणि तो कानाडोळा करायचा.

सात महिन्यांपूर्वी तो कामावरच कोसळला. संध्याकाळी हॉस्पिटलात गेला आणि रात्र व्हायच्या आत संपला. पुढचं सगळं तिनं रीतसर केलं. सह्या केल्या, कपडे वाटून टाकले, कंपनीचं क्वार्टर रिकामं करून दिलं. भेटायला येणारे म्हणत, रडून घे, मोकळी हो. तिला रडू येत नव्हतं. ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती, त्यामुळे तिला ही अवस्था नवी नव्हती. भूल दिली की गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी आपल्याला कळत नाही. तसंच तिचं आतून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

नव्या घरात भिंतीतून येणारी इंटरनेटची वायर नव्हती आणि मालक भोक पाडू देत नव्हता. खिडकीत एक पांढरा डबा ठेवायचा, तो हवेतून जे काही पकडेल ते आपलं. पेटीनं सुद्धा वायरीवाचूनच त्या डब्याशी बोलायचं. आता पांढऱ्या डब्याचा स्वभाव असा की तो एका पेटीचं एकच नाव ओळखणार. जुन्या घरात आठही बिऱ्हाडं आपापल्या दारानं ये-जा करत, इथं सगळ्यांना पेटीच्याच नावानं बाहेर पडावं लागे. हे तिला दिरानं समजावून सांगितलं. भाऊजी दर शनिवारी येत आणि पेटीपुढे मांडी घालून बसत.

समोर ट्रक उभा राहिला तरी इंटरनेट जाई. मग क्लबच्या सेक्रेटरींचा फोन येई, "वहिनी, निकाल दिसत नाहीत हो." ती उठून डबा डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात ठेवी, खाली रिकामा बिस्किटाचा डबा सरकवी आणि म्हणे, "आता बघा." दिसत. नवरा गेल्यावर इतक्या कर्तव्यबुद्धीनं इंटरनेट सांभाळणारी बाई त्या गल्लीत दुसरी नसेल. तिला त्यात आनंद नव्हता आणि वैतागही नव्हता.

हळूहळू लोकच कंटाळले. डॉक्टरांनी आपलं सामान दुसरीकडे हलवलं, मग गायनमंडळानं. भाऊजींनी स्वतःचे फोटो काढून घेतले. करता करता सात बिऱ्हाडं उठली. आठवं राहिलं. त्याला नवऱ्यानं नाव दिलं होतं 'राखण', आणि ते कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"रोज संध्याकाळी साडेसातला हे काहीतरी बाहेर पाठवतं," भाऊजी म्हणाले होते. "दादाच्याच मेलवर. उघडून बघायचं का?"

"पुढच्या शनिवारी बघू," ती म्हणाली होती. असे पाच शनिवार गेले.

तिला भीती वाटत होती. सात महिन्यांत वाटलेली तेवढी एकच गोष्ट. लॅबमधली एक बाई नवरा गेल्यावर त्याचा फोन उघडून बसली होती, आणि त्यातून दुसरी बाई निघाली, दुसरं घर निघालं. ज्याच्याशी भांडायचं तो तर फोटोत जाऊन बसलेला. त्यापेक्षा न उघडलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं. पण भाऊजींची बदली झाली, सोमवारी ते निघणार होते, आणि त्यांच्याशिवाय त्या पेटीतलं कुणाला काही कळत नव्हतं. आज उघडायचं, नाहीतर तसंच बंद करायचं.

"उघडा," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. चहाचा कप मात्र तिनं जमिनीवर ठेवून दिला.

पासवर्ड नवऱ्याच्या डायरीत होता. भाऊजींनी तो घातला आणि पडद्यावर नुसत्या ओळीच ओळी आल्या. तारीख, वेळ आणि शब्द एकच.

६:४८ पोचली. ६:५१ पोचली. ७:०२ पोचली. मध्येच एखाद्या दिवशी, ७:३० अजून आली नाही, फोन कर. आणि त्याच्याखाली, ८:०५ पोचली.

भाऊजींनी आणखी थोडं वाचलं आणि हसले. "वहिनी, हे तुमच्यासाठी आहे. तुमचा फोन घरातल्या इंटरनेटला लागला की हे लिहून ठेवतं. साडेसातपर्यंत नाही लागला तर दादाला कळवतं."

खूप वर्षांपूर्वी एकदा ती स्कूटरवरून पडली होती आणि फोन बंद पडल्यामुळे दोन तास रस्त्याकडेला बसून होती. त्यानंतर जेव्हा जेव्हा तिला उशीर झाला, तेव्हा नवऱ्याचा फोन यायचाच. "कुठे आहेस?" लवकर आलेल्या दिवशी कधी नाही. "तुला कसं कळतं रे?" असं विचारलं की म्हणायचा, "मनातलं कळतं मला." तिनं ते खरं मानून घेतलं होतं.

"लबाड कुठला," ती म्हणाली.

मग ती स्वतःच ओळी वर सरकवू लागली. तो गेला त्या दिवसाशी येऊन थांबली. ७:३० अजून आली नाही, फोन कर. त्या दिवशी फोन आला नव्हता. खाली लिहिलं होतं, १:१० पोचली. हॉस्पिटलातून तिला भाऊजींनीच घरी सोडलं होतं. त्यांनीही ती ओळ वाचली आणि मान दुसरीकडे वळवली.

त्यानंतर क्वार्टर सोडेपर्यंत रोज पोचली. आणि नव्या घरात आल्यापासून एकही पोचली नाही. ७:३० अजून आली नाही, फोन कर. ७:३० अजून आली नाही, फोन कर. एकशे बारा ओळी, आजची धरून.

"असं का?" तिनं विचारलं.

"याच्याकडे तुमच्या फोनचा पत्ता जुन्या घरातला आहे. इथं घर बदललं, पत्ते बदलले, आणि हे बिचारं पेटीच्या आड. त्याला कोण घरात आलं ते दिसतच नाही." भाऊजींनी बटणाकडे हात नेला. "बंद करून टाकू?"

"थांबा. आधी त्याला कळू दे, मी घरी आलेय म्हणून."

"वहिनी, पण हे कळवणार कुणाला?"

"कळवू दे हो. चार महिने वाट बघतंय ते."

भाऊजींनी तिचा फोन घेतला, त्याचा नवा पत्ता बघून पेटीत भरला, आणि घरात कोण आलं ते पेटीनंच आठव्या बिऱ्हाडाला सांगावं अशी सोय केली. पाच मिनिटं लागतील म्हणाले. दोघं चपलांच्या कपाटापुढे जमिनीवर बसून राहिले. चहा निवला. बाहेर ट्रक आला तेव्हा तिनं उठून खिडकीतला डबा घट्ट धरून ठेवला, जसा काही त्यानं फरक पडणार होता.

७:५२ पोचली.

तिनं ते दोनदा वाचलं. "करा आता बंद," ती म्हणाली.

भाऊजींनी बटण दाबलं. आतला पंखा थोडा वेळ फिरला आणि थांबला, आणि घर एकदम गप्प झालं. उद्या कितीही उशीर झाला तरी साडेसातला तिची वाट बघणारं आता कुणी नव्हतं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच ते तिला दुखलं.