दुधाचा दात

बाबांनी ढब्बूला खांद्यावर टाकलं, घडी घातलेली बाबागाडी काखोटीला मारली आणि मनोऱ्याच्या पायऱ्या धडाधड उतरायला सुरुवात केली.

"बघून झालं एवढ्यात?" मागून आईने विचारलं.

"झालं की! अख्खं शहर दिसलं वरून. आता संग्रहालय, मग बोट."

"मला फक्त एका काकांची टोपी दिसली," माऊ म्हणाली आणि जिभेने खालचा दात हलवत राहिली. विमानात बसल्यापासून तिचा तोच उद्योग चालला होता. पहिलाच दात होता आणि एका धाग्यावर आला होता.

बाबांचा धंदा मोटार शिकवण्याचा. शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, त्यावर वर्षानुवर्षं पाय ठेवून त्यांच्या उजव्या पायाला खोडच लागली होती. पोरं रस्त्याकडे पळाली, दूध उतू जायला आलं, सासूबाईंचा आवाज चढला, की तो पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. इथे तर गाड्या उलट्या बाजूने यायच्या, त्यामुळे कालपासून पायाला उसंत नव्हती. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला 'अति घाई, संकटात नेई' असं बजावणारा हा गृहस्थ आज मात्र एक अख्खं परकं शहर शनिवार-रविवारात पोरांच्या गळी उतरवायला निघाला होता.

त्याला कारणही तसंच होतं. आई लोकांचे दात घडवायची. कवळ्या, कॅपा, तुटक्या दाताचा हरवलेला अर्धा भाग. तिच्या हातचा दात खऱ्या दातांत ठेवला तर तो कोणता ते ओळखू यायचं नाही. या शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेने तिला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं आणि सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. बोलावणं आलं त्या दिवशी बाबा पटकन म्हणून गेले होते, "तू हो पुढे, पोरांचं मी बघतो." त्यावर आई अशी काही उसळली, की तो विषय तिथेच संपला. जायचं तर चौघांनी, नाहीतर कुणीच नाही. पण पोरांना शहर आवडलं नाही तर? म्हणून ठरलं, की आधी फिरवून आणायचं, आवडू द्यायचं आणि मग सांगायचं. थोडक्यात, ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

संग्रहालयात ढब्बूला सगळ्यांत जास्त आवडला तो हात वाळवायचा पंखा. बोटीत तो शांत बसला होता, तेव्हाच आईला शंका यायला हवी होती. पुलाखालून जाताना बाबा उत्साहाने म्हणाले, "बघ, बघ, किती जुना पूल!" आणि ढब्बूने वर बघितलं, मग बाबांकडे बघितलं आणि सकाळपासून खाल्लेलं सगळं त्यांच्या शर्टावर परत केलं.

बाबांचा पाय बोटीच्या तळावर करकचून दाबला गेला. बोट काही थांबली नाही.

जादाचे कपडे विमानातच खर्ची पडले होते. बोटीवरून उतरल्यावर विचारत विचारत ते मागच्या एका गल्लीत गेले, तिथे नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान होतं. ढब्बूला आईच्या ओढणीत गुंडाळलं. बाबा कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसले. आत शर्ट नाही हे जगाला कळू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि त्या दिवसात पहिल्यांदाच कुणी रडेना.

यंत्राच्या गोल काचेमागे स्वतःची चड्डी गरगर फिरताना बघून ढब्बू हरखून गेला. ती खिडकीशी आली की हा तिला टाटा करायचा. दुकान सांभाळणाऱ्या आजींना त्याचं एवढं हसू आलं, की आई बाबांच्या कानाशी लागून म्हणाली, "वरची कवळी सैल आहे त्यांची. कडेला जरासं घासलं तर छान बसेल."

"सुट्टीवर आहेस तू."

"बघायला काय हरकत आहे?"

समोरच छोटीशी बाग होती. वाळू, झोपाळा, एक बाक आणि एक जाड बुंध्याचं झाड. काचेतून दिसेल एवढ्या अंतरावर माऊ तिथे खेळत होती. तिच्याच वयाची एक मुलगी येऊन तिच्यापुढे उभी राहिली. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. त्या मुलीने ओठ वर करून स्वतःची खिंडार पडलेली बत्तिशी दाखवली. माऊने आपला हलता दात दाखवला. ओळख झाली.

हॉटेलवर परतल्यावर आईने तिला दात घासायला बोलावलं आणि हातातला ब्रश तसाच राहिला.

"माऊ, दात कुठे गेला?"

"पडला."

"अगं, कधी? कुठे?"

"माहीत नाही," माऊ म्हणाली आणि तोंड मिटून घेतलं.

आईच्या पर्समध्ये एक इवलीशी डबी होती, आत कापूस घातलेली. मुलांच्या प्रत्येक वाढदिवसाला ती त्यांच्या दातांचा साचा घ्यायची. घरी कपाटात ते पांढरे साचे ओळीने मांडलेले होते. आता खऱ्या दाताची पाळी होती. जगाचे दात जपता जपता पोटच्या पोरीचा पहिलाच दात हरवला. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. तिला फार वाईट वाटलं, आणि दातासाठी कुणी एवढं वाईट वाटून घेतं का, असं वाटून आणखीनच वाईट वाटलं.

"बागेतच पडला असणार," बाबा म्हणाले. "उद्या आधी तिकडे जाऊ."

"आणि राजवाडा? तिकिटं काढलीयेस तू."

"बघू." बाबांच्या तोंडी 'बघू' हा शब्द आई बऱ्याच दिवसांनी ऐकत होती.

रविवारी सकाळी नवराबायको त्या वाळूत गुडघे टेकून बसले होते. बाबा हाताने वाळू उपसत होते आणि ढब्बू ती भक्तिभावाने पुन्हा खड्ड्यात लोटत होता. माऊ झोपाळ्यावर होती, पण झोका घेत नव्हती.

"ऐक," आई वाळूकडे बघतच हळू आवाजात म्हणाली, "मी उद्या नाही म्हणून कळवते."

बाबांचे हात थांबले.

"एका दिवसात काय दशा झाली बघितलीस ना पोरांची? उगाच माझ्या हौसेपायी त्यांचं सगळं उपटून इथे आणायचं. तुलाही धंदा सोडायचा, इथे येऊन शिकाऊची पाटी लावून गाडी चालवायची."

"मी लावीन की पाटी. मला काय लाज आहे?"

"तुझं नाही रे. यांचं म्हणतेय मी."

 बाबांचा पाय वाळूत हळूहळू रुतत गेला.

झोपाळ्याची साखळी वाजली. माऊ येऊन आईच्या पाठीमागे उभी राहिली.

"आई, तिथे नको शोधू. तिथे नाहीये तो."

"मग कुठे आहे?"

माऊ झाडापाशी गेली. बुंध्यात तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर एक खबदाड होतं. तिने हात घालून कागदी रुमालाची घट्ट गुंडाळी काढली. आईने ती उघडली. आत तांदळाएवढा दात होता, स्वच्छ आणि अख्खा. आईने सवयीने तो उजेडात धरून फिरवून बघितला.

"तू ठेवलास इथे?"

माऊने मान हलवली.

"का गं? मला का नाही सांगितलंस?"

माऊने बुटाच्या टोकाने मूळ टोकरलं. "सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, मी चोरून ऐकलं ते."

"काय ऐकलंस?"

"बाबा म्हणाला, तू हो पुढे, पोरांचं मी बघतो. मग मी कानांवर उशी घेतली." तिचा आवाज बारीक झाला. "तू इथे एकटी राहणार ना? मग तुला कंटाळा येणार. म्हणून मी माझं काहीतरी ठेवलं. मला ही बाग आवडली, म्हणून इथे. त्या मुलीने पण तिचा इथेच ठेवलाय, तिने बोट दाखवलं."

आईने बाबांकडे बघितलं.  काल दिवसभर त्या दोघांनी या मुलीला मनोरे आणि पूल दाखवले होते, शहर आवडतंय का म्हणून तिच्या चेहऱ्यावर डोळा ठेवला होता. आणि ही पोर तेवढा सगळा वेळ आईला इथे सोडून जायची तयारी करत होती.

आईने तिला जवळ ओढून घट्ट धरलं. "वेडाबाई. उशी घेतलीस तिथेच चुकलं बघ तुझं. पुढचं ऐकलंच नाहीस."

"पुढचं काय?"

"मी बाबाला ओरडले ते."

"कशाबद्दल?"

"एकटी म्हणाला म्हणून. आलो तर चौघं येऊ. तू, मी, बाबा आणि..." तिने वळून बघितलं. ढब्बू वाळू बुटात भरत होता. "आणि हे ध्यान."

माऊने थोडा वेळ विचार केला. मग विचारलं, "खरंच? मग माझी खुर्ची पण आणायची का, गोल वाली?"

"आणू," बाबा म्हणाले.  "गोल वाली पण आणू."

आईने पर्समधून डबी काढली आणि झाकण उघडून पुढे धरली. माऊने डबीतल्या कापसाकडे बघितलं, मग झाडाकडे.

"राहू दे ना गं इथेच. आपण आल्यावर काढू."

आई डबी धरून तशीच उभी राहिली. आजवर तिने एकही दात असा उघड्यावर सोडला नव्हता. मग तिने कागदाची गुंडाळी पहिल्यापेक्षा नीट, कडा आत दुमडून केली आणि माऊच्या हातात दिली. खबदाडात हात माऊने घातला. रिकामी डबी परत पर्समध्ये गेली.

पलीकडच्या दुकानाचं दार आजी उघडत होत्या. ढब्बूने त्यांना ओळखलं आणि मोठ्याने हाक मारून टाटा केला.

बाबांनी घड्याळ बघितलं. "आत्ता निघालो तर राजवाडा गाठता येईल," ते सवयीने म्हणाले. "विमानाला अजून वेळ आहे."

आई बाकावर बसली होती. तिने बूट काढले, एकेक करून वाळू झटकली आणि ते परत न घालता बाजूला ठेवले.

"राजवाडा काय, कुठे पळून जातोय?" ती म्हणाली. "पुढे बघू कधीतरी एखाद्या रविवारी."

बाबांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग तेही शेजारी बसले आणि दोन्ही पाय लांब करून सैल सोडले.