डावी सीट

गाडी डावीकडून बसली होती. खड्ड्यातून गेली की बॉनेटखाली लोखंडावर लोखंड आपटायचं. कात्रपला राहणारी मुलगी, प्रीती, म्हणाली, "बाबा, भंगारात द्या आता." अंबरनाथ पश्चिमेला भीमरावांच्या बिल्डिंगखालीच एक गॅरेज होतं. तिथे न जाता ते गाडी हळूहळू चालवत उल्हासनगरला त्यांच्या जुन्या मेकॅनिककडे, मुरलीकडे घेऊन आले.

भीमरावांची बायको, शालन, गेल्याचं मुरलीला ठाऊक नव्हतं. बाकी सगळे घरी येऊन, बसून, चहा पिऊन गेले होते. मुरलीपुरती ती अजून होती. भीमरावांना तेवढं तसंच राहू द्यायचं होतं.

मुरलीने बॉनेट उघडलं आणि डावा शॉकॲब्सॉर्बर वर जिथे बसतो, तिथल्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो आरपार गेला.

"साहेब, ये तो पापड है. नुसत्या रंगावर उभी आहे गाडी."

"होईल का?"

"होईल. सडलेलं कापतो, नवा पत्रा मारतो, आतून डबल. वहिनी कुठंय? आज पोलीस नाही आणला?"

"घरी आहे," भीमराव म्हणाले.

शालन इथे आली की खुर्ची ओढून गाडीसमोरच बसायची. निघालेले जुने पार्ट पिशवीत घालून घरी न्यायची. नाहीतर मुरली तेच पुसून परत लावेल, असं त्याच्या तोंडावर म्हणायची. म्हणून मुरली तिला पोलीस म्हणायचा.

दुपारभर ग्राइंडर चालला. भीमराव त्याच खुर्चीवर बसून होते. वेल्डिंग झालं, वरून काळा रंग लागला. मुरलीने कापलेला पत्रा पिशवीत घालून त्यांच्या हातात दिला.

"वहिनींना दाखवा. नाहीतर मला फोन येईल."

भीमरावांनी पिशवी घेतली.

शॉकॲब चढले. गाडी चाकांवर उभी राहिली. चाकांना धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट तेवढे कसायचे राहिले होते.

"लोड टाकून कसतो," मुरली म्हणाला, "नाहीतर आर्मचा रबर पिळून लवकर फाटतो. रोज जेवढे बसता तेवढं वजन पाहिजे. बसा तुम्ही."

भीमराव स्टिअरिंगमागे बसले. मुरलीने सिमेंटची गोणी उचलून आणली आणि डाव्या सीटवर ठेवली. गाडी त्या बाजूला किंचित दबली.

"वहिनी एवढ्याच ना? की अजून थोडं टाकू? त्यांना सांगू नका हां."

भीमरावांनी गोणीकडे पाहिलं. हॉस्पिटलला नेताना ते शालनला उचलून याच सीटवर ठेवायचे. मग सीट मागे करायचे.

"एवढी नव्हती," ते म्हणाले. "शेवटी शेवटी मीच उचलायचो. हलकी झाली होती."

मुरलीचा हात गोणीवरच राहिला.

"कधी?"

"उन्हाळ्यात."

"सकाळी बोललात, घरी आहे."

"हो."

मुरलीने कपड्याने हात पुसले. मग तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला.

"साहेब," तो आतूनच म्हणाला, "कसू? की गोणी काढू?"

भीमरावांनी पिशवी मांडीवरून खाली, पायाशी ठेवली.

"काढ. मी एकटाच असतो."

मुरली वर आला. गोणी छातीशी धरून त्याने बाहेर काढली. गाडी डावीकडून जराशी वर आली. भीमरावांना ते बसल्या जागी कळलं.

"आता कस," ते म्हणाले.