शेजारच्या खुर्चीतलं शब्दकोडं

मूत्रपिंडांनी हात टेकले आणि पेंटरच्या वाट्याला आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिसची खुर्ची आली. जन्मभर शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्याला चार-चार तास एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. डाव्या हातात दोन जाड सुया, म्हणून तो हलवायचा नाही. उजवा मोकळा, पण मोकळ्या हाताने करायचं काय? सुरुवातीला त्याने मशीनवर घड्याळाशी भांडून वेळ काढला आणि घरी गेल्यावर बायकोशी.

एकदा कुणीतरी विसरलेला पेपर त्याच्या हाती लागला. बातम्या संपल्या, जाहिराती संपल्या, निधनवार्ता त्याने मुद्दामच ओलांडल्या. उरलं शब्दकोडं. पेंटरचं अक्षर वळणदार, पण आजवर अक्षर त्याचं आणि शब्द गिऱ्हाइकाचे, असाच धंदा झालेला. दोन-तीन घरं भरून गाडी अडली. “पाण्यातला भोवरा, तीन अक्षरी,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“आवर्त,” शेजारच्या खुर्चीतून उत्तर आलं. “शेवटचं जोडाक्षर एकाच घरात लिहा.”

शेजारी काळ्या चष्म्यातल्या एक बाई होत्या. साखरेने आधी त्यांचे डोळे खाल्ले, मग मूत्रपिंडं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली होती आणि दोन कॉलच्या मधल्या फटीत त्यांनी वर्षानुवर्षं कोडी सोडवली होती. दिसेनासं झालं तसा तो नाद सुटला. घरी वाचून दाखवायला कुणाला सवड नव्हती.

त्या दिवसापासून दोघांची जोडी जमली. पेंटर वाचायचा, बाई सांगायच्या, पेंटर लिहायचा. शब्द चटकन आठवला नाही की बाई म्हणायच्या, “लाइनवर थांबा,” आणि मान मागे टाकून बसायच्या. कधी पेंटरच आधी ओरडायचा, तेव्हा त्या मनापासून हसायच्या. मशीनची वेळ कधी संपली हे कळेनासं झालं. पेपर आता तो स्वतः विकत आणायचा, आणि अधल्यामधल्या दिवशीचं कोडं बायकोला कापून ठेवायला लावायचा. बायको म्हणाली, “माझ्याशी लग्नाआधीसुद्धा एवढं बोलला नव्हतात.” पण ती खूश होती. घरातली आदळआपट थांबली होती.

हिवाळ्यात बाईंच्या पायाची बोटं काढावी लागली, मग घोट्यापर्यंतचा पाय. मुलगा त्यांना उचलून आणू लागला. तो शीतगृहात रात्रपाळी करायचा, तिथून थेट घरी जाऊन आईला घेऊन यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. मशीन सुरू झालं की बाईंचा रक्तदाब खाली यायचा, उरलेल्या पायात गोळे यायचे. सिस्टर धावत येऊन पाय दाबायची. गोळा उतरला की बाई घाम पुसून म्हणायच्या, “हं, पुढचा आडवा?”

एका सकाळी कोडं अर्ध्यावर असताना त्या हळूच म्हणाल्या, “पेंटर, मला हे बंद करायचंय.”

कोडं कंटाळवाणं झालं असेल, असं त्याला वाटलं.

“कोडं नव्हे. मशीन.”

डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं. बंद केलं तर थोडेच दिवस, पण त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतील, फक्त घरच्यांशी बोलून ठरवा, असं ते म्हणाले होते. आणि घरचा म्हणजे एकटा मुलगा. बाईंनी विषयाला तोंड फोडलं की तो खोलीतून उठून जायचा. “तुम्ही बोला त्याच्याशी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही दर वेळी बघताय. परक्याचं ऐकेल कदाचित.”

पेंटर बोलतो म्हणाला.

पण बोलला नाही. मुलगा आईला न्यायला आला की हा रस्त्यातल्या खोदकामाबद्दल बोलायचा, थंडीबद्दल बोलायचा. एखाद्याच्या आईच्या मरणाची बोलणी आपण कशी करायची, असं तो मनाला समजवायचा. तेही खोटं नव्हतं. पण त्याच्या तळाशी दुसरं काही होतं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं: बाई गेल्या तर हे चार तास पुन्हा त्याला एकट्याला खायला उठणार होते. बाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, आज मुलगा घाईत होता. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. उत्तरं मात्र देत राहिल्या.

मग एके दिवशी त्यांचा रक्तदाब असा कोसळला की त्या खुर्चीतच ओकल्या, अंगाखाली ओलं झालं आणि शुद्ध येताच त्या आईला हाका मारू लागल्या. सत्तरीची बाई, लहान पोरीच्या आवाजात. मधला पडदा ओढायचं कुणाला सुचलं नाही. पेंटरचा एक हात मशीनला बांधलेला. तोंड फिरवण्यापलीकडे त्याला काही करता येईना.

सुया निघाल्यावर दंडावरची पट्टी दाबून धरत तो बाहेर आला. आईसाठी औषध आणायला निघालेला मुलगा लिफ्टपाशी उभा होता. पेंटरने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला.

“तिने तुम्हाला कधी सांगितलं हे?” त्याने विचारलं.

“दीड महिना झाला.”

“मग दीड महिना तुम्ही काय करत होतात, काका?”

पेंटरला खोटं सुचलं नाही. “शब्दकोडं सोडवत होतो,” तो म्हणाला.

मुलाने त्याच्याकडे पाहिलं, पण हातही उगारला नाही आणि आवाजही चढवला नाही. लिफ्ट आली, तसा तो आत गेला.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. सिस्टरकडून कळलं की त्यांना घरीच ठेवलंय, डॉक्टर जाऊन येतात. बायको म्हणाली, जाऊन या, नाहीतर जन्मभर मनाला लागेल. पत्ता शोधत पेंटर तिसऱ्या मजल्यावर दम खात पोहोचला. सोबत पेपर घ्यावा की नाही यावर बराच घोळ घालून त्याने तो घेतला नव्हता.

मुलाने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलला नाही. आई झोपलीय, म्हणाला. आतून औषधांचा वास येत होता. तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईंचा बारीक झालेला आवाज आला, “कोण आलंय रे?”

मुलगा पेंटरच्या डोळ्यांत बघत म्हणाला, “कुणी नाही, आई.”

पेंटरने तोंड उघडलं असतं तर बाईंनी आवाज ओळखला असता. त्याने उघडलं नाही. घरातल्या कर्त्या माणसाने नाही म्हटल्यावर आपण कोण लागून गेलो, असं त्याला वाटलं. शिवाय आत जाऊन काय सांगणार होता तो? कठड्याला धरून तो जिना उतरला.

बाई रविवारी गेल्या. मंगळवारी सिस्टरने सुई टोचता टोचता सांगितलं. “शांतपणे गेल्या,” ती म्हणाली, “आणि हात हलवू नका.” शेजारच्या खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ आले होते, चादर डोक्यावर ओढून ते मशीन सुरू व्हायच्या आधीच घोरू लागले. पेंटरने पेपर उघडला, कोड्याचं पान घडी घालून मांडीवर ठेवलं आणि पहिल्या आडव्या शब्दाचा संकेत मनात वाचला. मोठ्याने वाचावं तर शेजारी ऐकणारं कुणी नव्हतं. मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि तो सुया निघायची वाट बघत बसला.