खचलेला रपटा आणि मी

मी एक जुना मालट्रक आहे. आंबागडच्या पायथ्याशी चाकांविना उभा आहे आणि माझ्या हौदात कोंबड्या अंडी घालतात. मित्रांनो, मला म्हातारपणाने मोडले असे लोक म्हणतात. खरे तर मला रस्त्याने मोडले.

एकाहत्तर साली मी नवाकोरा भंडाऱ्यात आलो. जागेश्वर माझा मालक, तोच ड्रायव्हर. एकोडी गावचा तांदूळ, तिथल्या तलावातली मासळी आम्ही भंडाऱ्याला पोहोचवायचो. जागेश्वरच्या ट्रकात माल चढवला की लोक निश्चिंत असायचे.

वर्षागणिक गाड्या वाढल्या, रस्ता मात्र तेवढाच राहिला. खड्ड्यांत माझ्या स्प्रिंगांचे पाटे तुटायचे, जागेश्वरची कंबर धरायची. मग एका पावसाळ्यात लाखनीजवळ नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल, खचला. एका वेळी एकच गाडी कशीबशी पार व्हायची. दुरुस्तीसाठी गिट्टीचे ढीग पडले आणि त्यांच्यावर गवत उगवले.

पुढच्या वैशाखात एकोडीच्या सत्यभामाबाईने साऱ्या ढिवर घरांची मासळी बर्फात घालून माझ्यात चढवली आणि स्वतः जागेश्वरशेजारी बसली. रपट्यावर एक ट्रक आस मोडून अडकून पडला होता. नजर पोहोचेल तिथवर गाड्याच गाड्या. माझा पत्रा तापला, बर्फाचे पाणी गळू लागले.

"मासोळी कोणासाठी थांबत नाही, जागेश्वर," ती म्हणाली. खाली उतरून रिकाम्या टोपलीत गिट्टी भरू लागली. कोरड्या नाल्यातून वाट करायची होती.

रस्त्याचा चौकीदार धावत आला. "सरकारी गिट्टी आहे, मावशी. हात नोका लावू."

"मंग तुमी काहून नाही लावत?"

"मंजुरी आली. पैसाच येऊन नाही राहिला."

ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. जागेश्वर कंबर धरत मागे गेला, मग बाकीचे ड्रायव्हर. शेवटी चौकीदारानेही फावडे घेतले.

दुपार कलल्यावर त्या वाटेने गाड्या सुटल्या. पण भंडारा गाठेपर्यंत मासळी नासली होती. वैनगंगेच्या काठाला खड्डा खणून दोघांनी ती पुरली.

"मले माफ कर, मावशी," जागेश्वर म्हणाला.

"तुहा काय दोष? पर आता मी रपट्याच्या अल्याड, साकोलीतच विकीन. भाव कमी भेटते, पर भेटते तं."

हळूहळू साऱ्यांनीच तसे केले. फेऱ्या आटल्या. जागेश्वरची कंबर कायमची बसली, त्याने मला विकले आणि मी इथे येऊन पडलो. पुढे रस्ता रुंद झाला म्हणतात. मी तो पाहिला नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन साहेबाच्या खुर्चीत बसले आणि एखाद्या रपट्याचे काम समोर आले, तर ते उद्यावर ढकलू नका. तिकडे कोणीतरी उन्हात उभे असते.