पाचवी रेघ

जपानच्या उत्तरेकडच्या हाचिनोहेतल्या त्या तळघरातल्या हॉलच्या दारात मित्सुको मावशी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, "कुणाला ऐकायला आलात?" मग त्या बँडच्या नावाखाली एक रेघ. मोजायची तिथली रीत अशी की पाच रेघा झाल्या की एक चिनी अक्षर पूर्ण होतं. दहा कार्यक्रमांत एकदाही ज्यांचं अक्षर पूर्ण झालं नाही, त्यांना पुढची तारीख नाही, असा मालकाचा नियम. गावात दुसरा हॉल नाही.

आमचा बँड 'भाड्याचा हिमनग'. गाणारी तोमोए, ड्रमवर गेन्ता, बेसवर मी. नऊ कार्यक्रमांत आमची मजल तीन रेघांपर्यंत गेली. त्यातली एक गेन्ताच्या दाताच्या डॉक्टरची. ते त्याला चुकलेल्या तपासणीची आठवण करून द्यायला आले होते.

तोमोएनं बँडसाठी नगरपालिकेतली नोकरी सोडली होती. तेव्हापासून सकाळच्या मासळीबाजारात माकुल विकणारे तिचे बाबा तिच्याशी फक्त हवामानावर बोलत. ती दर वेळी एक तिकीट घरच्या देव्हाऱ्यात आईच्या फोटोपाशी ठेवून यायची. परत गेली की ते नसायचं.

"फेकतात," ती म्हणायची. "एकदा ऐकलं असतं आणि मग फेकलं असतं, तरी चाललं असतं."

दहाव्या कार्यक्रमाला आमच्या नावाखाली चार रेघा पडल्या. मालकानं कागद पाहिला, मान झुकवली आणि तिथं काम संपल्यावर म्हणतात तसं "दमला असाल" म्हणाला. अकरा महिन्यांचा बँड तिथं संपला.

आम्ही वायरी गुंडाळत होतो. मावशी हळहळल्या, "त्या काकांनी तुमचं नाव घेतलं असतं, तर झालं असतं बघा."

"कोण काका?"

"माकुलाचा वास येतो ते. दर वेळी त्या दुसऱ्या बँडचं, 'लोखंडी दात'चं नाव सांगतात, मागच्या खांबाआड उभे राहतात आणि तुमचं वाजवून झालं की निघून जातात. 'लोखंडी दात'वाल्यांनी तर सगळ्यात जुने चाहते म्हणून त्यांना टी-शर्ट दिलाय. आज घालून आले होते, कवटीचा."

तोमोए गिटारच्या पेटीवर बसली.

घरी बाबा कवटीचा टी-शर्ट घालून माकुल साफ करत होते. काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

"बाबा, माझं नाव का नाही घेतलं?"

"घरच्या माणसाचं नाव दारात कसं घ्यायचं? लोक म्हणतील, पोरीचं कौतुक सांगत फिरतोय."

"एका रेघेनं बुडालो आम्ही."

त्यांची सुरी थांबली. "रेघ मारतात, ते मला दिसत होतं," ते म्हणाले. "कशासाठी, ते नव्हतं ठाऊक."

पुढच्या महिन्यात तोमोए सेंदाई शहरात नोकरीला गेली. त्यानंतरच्या रविवारी मी माझी विसरलेली वायर आणायला हॉलवर गेलो, तर दारात तिचे बाबा उभे. साधा सदरा, भांग पाडलेला.

"कुणाला ऐकायला आलात?" मावशींनी विचारलं.

"भाड्याचा हिमनग." आवाज माशांच्या लिलावातला. "माझी मुलगी गाते त्यात."

"काका, तो बँड आता नाही हो."

"माहीत आहे."

मावशींनी कागद पुढं ओढला, सगळ्यात खाली आमचं नाव लिहिलं आणि त्याखाली एक रेघ मारली. बाबांनी वाकून ती नीट पाहिली. मग ते आत गेले, नेहमीच्या खांबापाशी उभे राहिले आणि आमचं वाजवणं जेवढा वेळ चालायचं, तेवढा वेळ थांबून निघून गेले.