तेरा इंची पंखा

अनिरुद्धच्या घराण्यात सात पिढ्यांत गुडघाभर पाण्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. जालन्याकडची माणसं, पाणी म्हटलं की टँकर आठवायचा. तरी बँकेतून रिटायर झाल्या झाल्या त्याने बावीस फुटी जुनी शिडाची होडी घेतली आणि गोराईच्या खाडीत आणून बांधली. दहिसरच्या सोसायटीत सगळे त्याला कॅप्टन म्हणू लागले.  त्याच्या बायकोने, शीतलने, फक्त स्वतःच्या मापाचं एक लाइफ जॅकेट आणलं.

गेल्या रविवारी वारा पडला. शिडं लोंबली म्हणून इंजिन लावलं, तर ते काळा धूर सोडत धापा टाकायला लागलं. ओहोटी होडीला समुद्राकडे ओढत राहिली आणि जाळ्यांचे खुंट जवळ जवळ येत गेले. एका मच्छीच्या बोटीने दोर टाकला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून डाळीला फोडणी देतानाही शीतलला ते खुंट दिसत.

आज सकाळी होडी चिखलात बसली होती. भरती चढायच्या आत होडीच्या बुडाखाली, पाणी कापणारा नवा पंखा बसवायचा आणि दुपारच्या ओहोटीत होडी चालवून बघायची, असं ठरलं होतं. चारकोपच्या गाळ्यातून अंबादास मिस्त्री दोन पंखे घेऊन आला होता, एक पंधरा इंची, एक तेरा. जुना चौदाचा.

"पंधराच लावू," अंबादास म्हणाला. "जोर कमी पडला ना? मग पंखा मोठा. मच्छीच्या बोटींना मी असंच करतो."

"बरोबर आहे," अनिरुद्ध म्हणाला. त्याला मिस्त्रीचं नेहमीच बरोबर वाटायचं.

आठवडाभर इंजिनचं पुस्तक वाचून शीतलचे डोळे चुरचुरत होते. "पुस्तकात मिनिटाला छत्तीसशे फेरे लिहिलेत. त्या दिवशी फेऱ्यांचा काटा कितीवर होता?"

"तेव्हा काटा कोण बघतंय यार?"

"मी बघत होते. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. चोवीसशेला अडकला होता." ती अंबादासकडे वळली. "मिक्सरमध्ये डाळ जास्त झाली की तो घूं घूं करतो, फिरत नाही. तेव्हा आणखी डाळ टाकता का?"

"वहिनी, मिक्सर वेगळा, बोट वेगळी."

"मच्छीच्या बोटीला इंजिन कितीचं असतं?"

"ऐंशी. शंभर हॉर्सपॉवर."

"आमचं दहा."

अंबादासने कान खाजवला. मग दोघेही तिच्याकडे बघायला लागले, आणि शीतलला ते जास्त वाईट वाटलं. वाद होता तोवर चूक तिघांची होती. आता ती एकटीची. पंखा लहान पडला तर इंजिन नुसतंच गरगरेल आणि ओहोटी होडीला घेऊन जाईल. आणि सुकाणू धरून बसलेला हा माणूस पोहायला पन्नाशीनंतर शिकलेला, तेही तरणतलावात.

पाणी अंबादासच्या घोट्याला लागलं. "बोला वहिनी. वेळ नाही."

"तेरा," ती म्हणाली. आवाज कुणा दुसरीचा वाटला.

तीन वाजता ओहोटी जोरात होती. अनिरुद्धने होडी प्रवाहाच्या उलट वळवली आणि इंजिनचा दांडा पुढे ढकलला. काटा चोवीसशेवर आला.  काठावरचं तिवराचं वाकडं झाड जागचं हलत नव्हतं.

"मागे जातोय का आपण?" अनिरुद्धने विचारलं.

"गप्प बस. आणखी ढकल."

सव्वीसशे. तीन हजार. तेहतीसशे पार. धूर नाही. तिवर हळूहळू मागे सरकलं, मग त्याच्यामागचं, मग एक नांगरलेली होडी.

अनिरुद्धचा चेहरा खुलला. "उद्या बाहेर नेऊ या, समुद्रात?"

"आज जेटीला ने आधी," शीतल म्हणाली, आणि दोर बांधला जाईपर्यंत तिने काट्यावरची नजर काढली नाही.