कागदावरच्या माणसांसाठी

“आवाज काढ की जरा, नलू! मांजरसुद्धा यापेक्षा मोठ्यानं रडतंय,” पुस्तक वाचणाऱ्या नलूवर गोदूआक्का शेजारच्या कालिंदीच्या कानाशी कुरकुरल्या.

ताम्रवर्णी, धूलिधूसर चैत्रसंध्या. नदीकाठच्या त्या गावावर आकाश जुन्या पितळेसारखं मळलेलं. दूर वाळूचे ट्रक गेले, की क्षितिजाची कड झिजायची. आणि ती झीज उडत उडत सोसायटीच्या गच्चीवर यायची, सतरंजीवर, केसांवर, पापण्यांवर बसायची.

गच्चीवर बायकांचं शनिवारचं वाचन चाललेलं. पुस्तकात उद्याचं एक नगर होतं. गवाक्षहीन, चंद्रहीन, मौनमग्न नगर. तिथं रोज सांजेला एक घर रिकामं व्हायचं, आणि शेजारी ते घर विसरण्याचा सराव करायचे. भिंतीला भिंत लागलेली, मनाला मन नाही.

“कसली म्हणायची ही माणसं!” कुणी डोळे टिपले.

“असं कुठं असतंय का, बाई? लिहिणाऱ्याचं आपलं काहीतरी.”

आणि खाली, गच्चीच्या बरोब्बर खाली, घर सोडून निघालेल्या सुनेत्राचा टेम्पो भरत होता.

तिच्या नवऱ्यानं आपल्या साप्ताहिकात वाळूचोरांची नावं छापली. मग अंधार पडला, की अनोळखी मोटारसायकली फाटकाशी घिरट्या घालू लागल्या. मग सोसायटीची सभा भरली. वाईट कुणीच बोललं नाही. फार गोड, फार हळू बोलले सगळे. ‘आमच्याही घरात लेकरं आहेत, वहिनी.’ आणि त्यांनी घर सोडावं म्हणून हात वर गेले. एकामागून एक, माळावर कुसळं उभी राहावीत तसे.

खाली कपाट कण्हलं, वर पान उलटलं. खाली तुळशीची कुंडी खरडत गेली, वर नलूचा आवाज आणखी बारीक झाला. कठड्याशी कुणी गेलं नाही. मावळतीकडे तोंड करून साऱ्या जणी कागदावरच्या माणसांसाठी हळहळत राहिल्या.

कालिंदीच्या पदराआड वाटी होती. शुभ्र, शीतल, चांदण्यासारखं लागलेलं दही. निघालेल्याच्या तळहातावर चमचाभर दही घालावं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतं. तिची लेक शिकायला परमुलखात गेली, तेव्हा सुनेत्रानंच घातलं होतं. कालिंदीला तेव्हा चमचाही धरवत नव्हता ना! आज किती वेळ झाला, पाय उठतात नि मन खाली बसतं. जिना तो केवढासा. पण त्या जिन्याला साऱ्या सोसायटीचे डोळे.

टेम्पोचं इंजिन खोकलं. कालिंदी उठली. पदर सरकला, वाटी उघडी पडली, नि नलूचं वाचन थांबलं.

“फार आंबट नाही ना झालं?” कुणीतरी पुटपुटलं. उगीच. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

गोदूआक्कांनी चष्मा काढला. आता आवाजात कुरकुर नव्हती.

“दही ‘परत ये’ म्हणून घालतात, कालिंदी. आपणच घालवलं तिला. हात वर करकरून घालवलं. आता कुठल्या तोंडानं म्हणणार, परत ये?”

कालिंदीनं वाटीवर पुन्हा पदर ओढला. खाली फाटक वाजलं. दोन लाल दिवे वळणावर लहान झाले, आणखी लहान झाले. नदीच्या काळ्या अंगावर कुंकवाच्या टिकल्यांसारखे क्षणभर थरथरले, आणि पुसले गेले.